नाही म्हणता न येणारी गुहा

आमच्या घरातल्या बायकांचा देवापेक्षा एका गुहेवर जास्त भरवसा होता. कुकटपल्लीच्या पुढे, मुंबईच्या रस्त्याला, थोराड धोंड्यांची एक टेकडी होती आणि तिच्या डोक्यावर एक लहानसा किल्ला. किल्ला म्हणजे दोन बुरूज, एक पडका दरवाजा आणि बाकी सगळी सीताफळाची झाडं. तो कुणी बांधला हे धड कुणालाच ठाऊक नव्हतं. काकतीयांचा म्हणणारे होते, कुतुबशाहीचा म्हणणारे होते, आणि आमचे एक मामा तो आपल्याच पूर्वजांनी बांधला असं जेवणानंतर सांगत असत. जेवणाआधी त्यांनी ते कधी सांगितल्याचं मला आठवत नाही.

ह्या किल्ल्याच्या पोटात गुहा होती. ती कुणी कोरलेली नव्हती, धोंड्यांवर धोंडे टेकून आपोआप झालेली होती. तोंड इतकं बुटकं की कंबरेत वाकून शिरावं लागे, पण आत गेलं की माणूस ताठ उभा राही आणि अंधार लांबवर मागे गेलेला जाणवे. शेवटाला पाणी होतं. उन्हाळ्यातसुद्धा ते आटत नसे.

गुहेच्या कथा ज्याच्या त्याच्या वेगळ्या. पायथ्याशी चहा विकणारा म्हातारा सांगायचा, "इदर बकरी छोड़े तो सीदा गोलकुंडे में निकलती बोलते." आम्ही लहान असताना बाबांनी त्याला विचारलं होतं की तुम्ही पाहिली का ती बकरी. तो शांतपणे म्हणाला, "मैं कायकू देखूँ साब? बकरी देखी ना." गावातल्या तेलुगू बायका म्हणत की आत एक मुनी बसला आहे, म्हणून त्या तोंडाशी दूध ठेवून जात. ते दूध कोण पितं हे गावातल्या सगळ्या मांजरांना माहीत होतं.

आमची कथा किल्लेदाराच्या आईची होती. किल्ल्याला वेढा पडला तेव्हा किल्लेदार मदत आणायला गुहेतून निघाला आणि आत अंधारात वाट चुकला. आई तोंडाशी बसून त्याला हाका मारत राहिली. नाव घेतलं तर शत्रूला कळेल कोण आत आहे, म्हणून ती नुसतं 'बाळा' म्हणायची. त्या हाकेच्या रोखानं तो चाचपडत बाहेर आला. ही गोष्ट आईनं पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी विचारलं, "मग मदत आली का?" आई म्हणाली, "मदतीचं काय घेऊन बसलीस? पोरगं आलं ना."

आमची माणसं मराठवाड्यातली, शेतीतली. निजामाच्या काळात नोकरीसाठी ह्याच रस्त्यानं हैदराबादला आली, नल्लकुंट्यात बिऱ्हाडं करून राहिली आणि इथलीच झाली. बैलगाड्यांचा मुक्काम ह्या टेकडीखाली पडायचा, तिथंच कधीतरी ही प्रथा लागली असणार. घरातलं माणूस दूर गेलं आणि परतायचं नाव घेईना, तर घरातल्या बाईनं गुहेत जाऊन पाण्याशी उभं राहायचं आणि एकच हाक मारायची. नाव घ्यायचं नाही. हाक परत आली तर माणूस परत येणार. आणि ज्याच्यासाठी हाक मारली त्याला ती गोष्ट कधी कळू द्यायची नाही. कळलं, तर तो मनानं आला की भिडेनं, हे मग कसं ओळखायचं?

पोलीस ॲक्शनच्या गडबडीत आमचे थोरले काका बेपत्ता झाले होते. काकू गुहेत गेली. नवऱ्याचं नाव तशीही ती घेत नव्हतीच, तिनं 'अहो' अशी हाक मारली. गुहा म्हणाली, 'हो'. पावसाळा सरता सरता काका दाढी वाढवून दारात हजर झाले. ह्यावर काकांच्या माघारी घरात फार हसणं व्हायचं. काकूच्या 'अहो'ला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी लगेच हो म्हणालं, असं काकू स्वतःच सांगायची. पण हसता हसता सगळ्यांचा त्यावर विश्वास होता.

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. आठवीला ध्वनीचा धडा असतो. आवाज समोरच्या कठीण पृष्ठभागावर आदळतो आणि मागे फिरतो. त्यामुळे आमच्या गुहेचं गुपित मला केव्हाच कळलं होतं, आणि मी ते चारचौघांत सांगायलाही कमी करत नसे. बंद गुहेत हाक मारली तर ती परत येणारच, न यायला तिला झालंय काय? पण जसजशी मोठी झाले तसतसं मला त्या प्रथेचं कौतुक वाटायला लागलं. कुणातरी शहाण्या बाईनं ती काढली असणार. वाट बघणारीनं प्रश्न विचारायचा तो अशा ठिकाणी, जिथं नाही म्हणायची सोयच नाही. तिथं गेलेली एकही बाई कधी रडत परतली नव्हती. एवढी माया मी दुसऱ्या कुठल्या देवस्थानात पाहिली नाही.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेला गेला तो कंप्युटरची लाट आली तेव्हा. आधी तो खतांच्या कंपनीत नोकरीला लागणार होता, बाबांनी शब्दसुद्धा टाकला होता. पण त्या दोन-तीन वर्षांत शहराचं डोकंच फिरलं. विजेच्या खांबाखांबावर कोर्सच्या जाहिराती आल्या, गल्लीतली पोरं रात्रंदिवस कसल्यातरी भाषा पाठ करू लागली, आणि कालपर्यंत बी.एस्सी. होऊन घरी बसलेला शेजारचा मुलगा एकदम डॉलरमध्ये बोलू लागला. भावानंही कोर्स केला. सन दोन हजार उजाडलं की जगातले सगळे कंप्युटर गोंधळणार, ते दुरुस्त करायला माणसं हवी होती. बेगमपेटच्या विमानतळावर आईनं त्याला विचारलं, "किती दिवस लागतील रे त्यांना नीट करायला?" तो म्हणाला, "दोन वर्षं. मग आलोच."

दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. घरात नवाच फोन आला होता, त्यावर आईनं विणलेलं झाकण असायचं. आधी बाबा बोलत, मग मी, शेवटी आई. आईचं बोलणं ठरलेलं होतं. जेवलास का, थंडी आहे का, आणि फोन ठेवायच्या आधी, "मग कधी येतोस?" हे वाक्य चुकायचं नाही. भाऊ वैतागायचा, मला म्हणायचा, "अक्का, आईला सांग की हा प्रश्न आता नक्को." मीही आईला दोनदा बोलले. आई म्हणाली, "त्यानं उत्तर दिलं की विचारायचं थांबवते."

दोन वर्षं झाली, तिसरंही सरलं. त्याची कागदपत्रं कसल्याशा रांगेत अडकली होती, मधे बाहेर पडलं तर रांग मोडते म्हणे.

आई दर उन्हाळ्यात बेगम बाजारात जाऊन वर्षाच्या मिरच्या, धने, खोबरं, दगडफूल आणायची आणि काळं तिखट करायची. त्याच्या वाट्याचं तिखट एका वेगळ्या बरणीत भरून ठेवायची. पांढरी, चिनी मातीची बरणी, तिच्या झाकणाचा एक टवका उडालेला होता. लहानपणी त्यानंच पाडली होती, म्हणून ती त्याची. त्या वर्षी नवं तिखट भरायला तिनं बरणी काढली, तर ती ह्याही खेपेला मागच्या वर्षीच्याच तिखटानं काठोकाठ भरलेली. वास उडून गेलेला, रंग मातकट झालेला. आई बराच वेळ ती मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "उद्या शाळेला रजा टाक. गुहेत जायचंय."

बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "जाऊ दे की. जीवाला कशाला त्रास करून घ्यायलीस?" पण अडवलं नाही. मला तर बरंच वाटलं. म्हटलं, हाक परत येईल, हिचं समाधान होईल, वर्षभर घरात शांतता राहील. इतका साधा हिशोब होता माझा.

कुकटपल्लीपर्यंत सिटीबसनं गेलो. लहानपणी जिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसते माळ होते, तिथं एकाला एक चिकटून फ्लॅट उभे राहत होते. पुढे ऑटो केली. ऑटोवाला म्हणाला, "उदर कायकू जारे अम्मा? उदर अब खाली पत्थर तोड़रे." आई तिच्या हिंदीत म्हणाली, "हमारा काम है." 

टेकडी समोरून होती तशीच होती. मागून मात्र ती अर्धी खाल्लेली होती. पांढरे ओरखडे, खाली ट्रक, आणि खडीच्या मशीनचा असा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. सीताफळाच्या पानांवर बोटभर धूळ बसली होती. ते नवे फ्लॅट उभे राहायचे म्हणजे खडी कुठूनतरी यायला हवीच होती. चहावाल्याची टपरी होती, पण म्हातारा नव्हता. त्याच्या जागी ट्रकवाल्यांना इडली विकणारी एक बाई बसली होती.

आईनं चपला बाहेर काढल्या. मशीन चालू असताना हाक मारणं बरोबर नाही म्हणाली. म्हणून आम्ही तोंडाशी धोंड्याच्या सावलीत बसून राहिलो. दुपारी कामगारांची जेवायची सुट्टी झाली आणि मशीन थांबलं. इतकी शांतता झाली की मला माझ्याच बांगड्या ऐकू आल्या. आम्ही वाकून आत शिरलो. पाणी होतं, त्यावर धुळीची साय आलेली होती. आईनं पाण्याला हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटले आणि हाक मारली.

"बाळा!"

तिचा आवाज एवढा मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. आयुष्यभर ती हळूच बोलत आली होती.

हाक गेली. आम्ही थांबलो. काहीच आलं नाही. मी पुढे पाहिलं, आणि जिथं लहानपणी अंधार असायचा तिथं, पाण्याच्या पलीकडे, दारभर उजेड दिसला. धोंडे फोडता फोडता त्यांनी गुहा मागच्या अंगानं उघडी केली होती. त्या उजेडात आकाश दिसत होतं आणि एका ट्रकचा टप.

मग तिकडून, जेवत बसलेल्या कुणीतरी माणसानं ओरडून विचारलं, "एवरदी?"

कोण आहे ते? एवढी तेलुगू आईला बाजारामुळे चांगली येत होती. तिनं डोळे उघडले.

"आई, पलीकडून फोडलंय," मी घाईघाईनं म्हणाले. "भिंतच नाही तर आवाज परत कुठून येणार? बाहेर निघून गेला. ऐकला कुणीतरी कामगारानं."

"मला दिसायलंय की."

"मग? त्याचा आणि ह्याचा काय संबंध? पुन्हा मारून बघ पाहिजे तर."

"एकदाच मारायची असते."

ती बाहेर आली, चपला घातल्या, पदरानं तोंड पुसलं. उतरताना अर्ध्या वाटेत थांबून म्हणाली, "इतकी वर्षं सगळ्यांना हाक परत दिली गुहेनं. फुटायचं होतं तर माझ्याच पाळीला फुटलं. ह्याला तुझ्या पुस्तकात काय म्हणतात गं?"

ह्याला माझ्या पुस्तकात काहीच म्हणत नव्हते. ऑटोत बसल्यावर तिनं माझा हात धरला आणि आपली शपथ घातली, त्याला ह्यातलं कळता कामा नये. तो प्रथेचाच नियम होता. हाक परत आली असती तर तो पाळायला सोपा होता. पण हाक परत न आल्यावर काय करायचं, हे कुणीच कधी ठरवून ठेवलं नव्हतं, कारण तसं कुणाचं झालंच नव्हतं. म्हणून आईनं जुनाच नियम पाळला, आणि आम्हालाही पाळायला लावला.

रविवारी फोन आला. आईनं विचारलं, जेवलास का, थंडी आहे का. मग क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बरं, तब्येतीला जप." फोन ठेवला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. त्या वर्षी बेगम बाजारातून मिरच्या कमी आल्या. त्याच्या वाट्याचं तिखट तिनं केलंच नाही.

मला वाटलं होतं काही महिन्यांनी विसरेल. ती विसरली नाही. रागावली होती असंही नाही, उलट फार मऊ बोलायची त्याच्याशी, पाहुण्याशी बोलावं तशी. तो यायचा नाही हे एकदा ठरल्यावर त्याला सारखं बोलावून अपराधी कशाला करायचं, असा तिचा विचार होता. तिनं मला तो एकदा भाजी निवडताना सांगितला. मी पुन्हा एकदा भिंतीचं आणि आवाजाचं सांगायला गेले. ती म्हणाली, "तू बरोबरच म्हणतीस." आणि भेंड्या निवडत राहिली.

मग तिकडची मंदी आली. भावाचं काम सुटलं. आणि गंमत बघा, नेमकी तेव्हाच इकडे त्याच टेकडीच्या अलीकडे काचेच्या कचेऱ्या उभ्या राहत होत्या आणि त्यांना त्याच्यासारखी माणसं हवी होती. एका रविवारी तो फोनवर आईला म्हणाला, "आई, इकडचं काम गेलंय. तिकडंच यावं म्हणतोय. काय करू?" मी शेजारीच उभी होते. आईनं फोनची वायर बोटाला गुंडाळली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं आहे. पण ती म्हणाली, "तुझं तू बघ बाबा. आमच्यासाठी येऊ नकोस." फोन ठेवल्यावर मी तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, "तो माझ्या तोंडाकडं बघून येईल, मनानं नाही. मग उरलेला जन्म तिकडंच बघत बसंल." त्याला पुढे तिकडेच दुसरं काम मिळालं. लग्न झालं, घर झालं. मधूनमधून यायचा, मुलांना घेऊन, पंधरा दिवसांसाठी. निघताना आई त्याला 'तब्येतीला जप' एवढंच म्हणायची.

आई गेली तेव्हा त्याला पोचायला उशीर झाला. अंत्यदर्शन चुकलं, दहाव्याला तो होता. सगळे पांगल्यावर तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला आणि ओट्याखाली वाकून त्यानं ती टवका उडालेली बरणी ओढून काढली.

"ही माझी बरणी ना?"

"हो."

त्यानं झाकण काढलं. आत कपडे धुवायचा सोडा होता. बरणी तशीच हातात घेऊन तो खाली बसला.

"अक्का, मी काय केलं होतं गं?" तो म्हणाला. "आधी दर फोनला विचारायची, कधी येतोस. मी वैतागायचो, खरं आहे. मग एकदम बंदच केलं. मी दर रविवारी वाट बघायचो, आज म्हणेल. काम गेलं तेव्हा तर सरळ विचारलं मी. तिनं नुसतं ये म्हणायचं होतं. तिकीट बघून ठेवलं होतं मी."

आई नव्हती, म्हणजे शपथही उरली नव्हती. मी त्याला सगळं सांगितलं. हाक, उजेड, 'एवरदी' म्हणणारा तो माणूस, आई उतारावर थांबून काय म्हणाली ते. त्याला गुहा आठवत होती. लहानपणी तो तिथं 'मी!' म्हणून ओरडला होता आणि उलट 'मी' ऐकून आईच्या पदराआड लपला होता. तेही आठवत होतं.

सगळं ऐकून त्यानं झाकण बरणीवर बसवलं. मग म्हणाला, "मला कळलं असतं तर मी आलो असतो. त्या गुहेला खोटं पाडायला तरी आलो असतो."

 बाबा बाहेरच्या खोलीत बसले होते. त्यांना ऐकू गेलं असेल की नाही, मी विचारलं नाही.

ते पुढच्याच वर्षी गेले. त्यांचं सगळं उरकून भाऊ निघाला तेव्हा मी त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले. टॅक्सीत सामान चढलं. त्यानं एक पाय आत टाकला, आणि माझ्या तोंडून, माझ्याही ध्यानात यायच्या आधी, आईचंच वाक्य निघालं.

"मग कधी येतोस?"

तो थबकला. माझ्याकडे वळून, अगदी भाबडेपणानं म्हणाला, "अक्का, आता कुणाकडं?"

मी फाटकाला धरून त्याच्या समोरच उभी होते.